एक श्वास आधी

माझी मेहुणी कल्याणला राहते. तिची मुलगी यंदा बारावीला आहे. गेल्या रविवारी ती आमच्या कोलशेतच्या घरी आली ती वही-पेन घेऊनच. सोफ्यावर मांडी ठोकून म्हणाली, "काका, मला एटीसी, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचंय. काय काय लागतं ते सांगा."

अशी मुलं माझ्याकडे बरीच येतात. हा माणूस विमानतळावर टॉवरमध्ये बसतो, विमानांना उतरा आणि उडा सांगतो, एवढं सोसायटीत कुणाला कळलं की झालं, कुणाचा भाचा नाहीतर कुणाची पुतणी दारात हजर. मीही ठरलेलं सांगतो. फिजिक्स आणि गणित पक्कं हवं. परीक्षा कठीण, अर्ज पोत्यांनी आणि जागा मूठभर. पास झालात की आवाजाची चाचणी, मेडिकल, मग दूर कुठेतरी कित्येक महिने ट्रेनिंग. आणि ते सगळं निभावलंत की खऱ्या टॉवरमध्ये खरी विमानं, आणि शेजारी माझ्यासारखा एखादा खडूस शिकवायला. पगार चांगला आहे. सुट्ट्यांचं विचारलं की मी विषय बदलतो.

"पण काका, पेपरमध्ये येतं ना, तुमच्याकडे माणसं कमी आहेत म्हणून. म्हणजे स्कोप आहे."

या स्कोप शब्दाने माझं टाळकं फिरतं. "माणसं कमी आहेत म्हणजे जी आहेत ती दुप्पट राबतायत. याच्यात स्कोप कसला आलाय डोंबलाचा?" मी म्हटलं. ती पुढे काही बोलणार होती, तेवढ्यात मी पुन्हा सुरू झालो, आणि आतून बायकोचा आवाज आला, "अहो, पोरीचं वाक्य तरी पुरं होऊ द्या."

हे आमच्या घरात दिवसातून चारदा ऐकू येतं. मी लोकांची वाक्यं तोडतो. पुढचा काय बोलणार हे मला आधीच कळलंय असं मला वाटतं, आणि बऱ्याचदा ते बरोबरही निघतं, म्हणून तर खोड जात नाही.

भाची हसली. म्हणाली, "आमच्या क्लासच्या मॅमपण हेच सांगतात, की काम खूप असतं. त्या होत्या ना तिथे थोडे दिवस. आम्हाला फिजिक्स शिकवतात, एकदम भारी. त्यांचा एक रूल आहे. उत्तर आलं तरी लगेच ओरडायचं नाही. दुसऱ्याला एक श्वास द्यायचा, मग बोलायचं."

मी विचारलं, मॅम राहतात कुठे. "आंबिवलीला," ती म्हणाली, आणि वहीत फिजिक्स-गणित असं लिहून त्याखाली रेघ मारली. पुढे मी तिला काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. जेवताना बायकोने विचारलं, काय झालंय. काही नाही, म्हटलं.

दुसऱ्याला एक श्वास द्यायचा. ते वाक्य मीच त्या मुलीला, भाचीच्या या मॅमला दिलेलं, ती टॉवरवर माझ्या हाताखाली शिकत होती तेव्हा. माझ्याकडेही ते माझ्या शिकवणाऱ्यांकडून आलेलं.

आमच्याकडे नवीन माणूस टॉवरवर एकटा बसत नाही. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून इन्स्ट्रक्टर बसतो, त्याचाही हेडफोन त्याच मशीनला लावलेला. नवीन माणूस वैमानिकांशी बोलतो आणि इन्स्ट्रक्टर ऐकतो. इन्स्ट्रक्टरच्या हातात एक बटण असतं. ते दाबलं की शिकणाऱ्याचा आवाज बाहेर जायचा बंद होतो आणि वैमानिकाला फक्त इन्स्ट्रक्टर ऐकू येतो. ते बटण कधी दाबायचं, यातच सगळी विद्या आहे. उशीर झाला तर लोकांचे जीव जातील. लवकर दाबलं तर समोरचा कधी शिकणारच नाही, कारण त्याला माहीत असतं की शेजारचा सांभाळून घेईल. माझे गुरू सांगायचे, "शिकवणाऱ्याचं काम गप्प बसणं. तुला वाटेल आता बोलायलाच हवं, तेव्हा एक श्वास थांब. पोरगं बोलतं. नाहीच बोललं तर मग दाब." विमानांमधल्या अंतराची गणितंच आम्ही अशी ठेवतो की तेवढ्या एका श्वासाची जागा असतेच.

ती मुलगी आली तेव्हा मी इन्स्ट्रक्टर म्हणून मुरलेलो. आमच्या टॉवरला तेव्हा शिकवणारे दोघेच उरले होते, बाकीचे कुणी बदलून गेले, कुणी रिटायर झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. ती आंबिवलीहून यायची. तिथली एक मोठी कंपनी कधीच बंद पडली, तिचे बाबा त्या कंपनीतले. नंतर त्यांनी कुठे कुठे वॉचमनकी केली. मूळ गाव कोकणात, घर चाळीतलं, आणि पोरगी पहिल्या झटक्यात परीक्षा पास झालेली.

पहाटेच्या ड्यूटीला आम्हाला ऑफिसची गाडी तीन हात नाक्यावरून घ्यायची. ती आंबिवलीहून पहिल्या लोकलने ठाण्याला येऊन माझ्याआधी तिथे उभी असायची, हातात स्टीलचा डबा. डब्यात आईने केलेले घावणे असायचे. ते खाता खाता मी तिला प्रश्न विचारायचो. वारा अमुक, धावपट्टी तमुक, एवढी विमानं रांगेत, सांग काय करशील. मुलुंड ते विमानतळ माझा हा उद्योग. ड्रायव्हर म्हणायचा, साहेब, मलाच आता सर्टिफिकेट द्या.

एकदा तिचे बाबा नाक्यावर आले होते, पेढे घेऊन. इस्त्रीचा शर्ट, पायात रबरी चपला. हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरीला सांभाळून घ्या." मी आपलं नेहमीसारखं बोलून गेलो, "काका, आम्ही तिला नाही सांभाळणार, ती विमानं सांभाळेल." ते केवढे खूश झाले. घरी जाऊन सगळ्या चाळीला सांगितलं म्हणे.

सुरुवातीला ती मागे पडत होती हे खरं आहे. निर्णय बरोबर घ्यायची, पण आवाज पडका. वैमानिक दोनदा विचारायचे. मी ओरडायचो, पोटातून बोल, घशातून नको. मग तिने स्वतःच एक शोधून काढलं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन घिरट्या घालणाऱ्या घारींना ती उतरायची परवानगी द्यायची, मोठ्या आवाजात, एकेकीला नंबर लावून. शेजारचे हसायचे. गाडीत बसलो की मी विचारायचो, "काय गं, काल किती घारी उतरवल्यास?" ती म्हणायची, "सात, सर. एक परत वर पाठवली." दोन महिन्यांत आवाज असा खणखणीत झाला की मीच चाट पडलो.

पण तोवर तिचे ठरलेले तास संपले होते आणि एकदा वाढवूनही झाले होते. दुसऱ्यांदा वाढत नाहीत. शेवटच्या आठवड्यात माझा शेरा चांगला गेला की ती पक्की झाली, नाहीतर टॉवर संपला. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

त्या दिवशी दुपार होती, स्वच्छ ऊन. मी त्या आठवड्यातली तिसरी जादा ड्यूटी करत होतो. एकाला डेंग्यू झालेला, एकाची बदली झालेली, आणि मला जो सोडवायला येणार होता त्याला दुसऱ्या खुर्चीवर बसवलेला. डोळे चुरचुरत होते. एक विमान उतरलं आणि धावपट्टीवरून बाहेर पडायला रेंगाळलं. त्याच्या मागचं विमान खाली येत होतं. अशा वेळी मागच्याला सांगायचं असतं, उतरू नकोस, वर जा, फेरी मारून ये. गो अराउंड. हे रोजचं आहे, यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त वेळेत सांगावं लागतं. मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती. मी बटण दाबलं आणि बोललो. विमान वर गेलं, फेरी मारून नीट उतरलं. प्रवाशांना फार तर दहा मिनिटं उशीर झाला असेल.

मी तो एक श्वास थांबलो नव्हतो. पण हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, ती गोठली.

खाली आल्यावर मी विचारलं, "का नाही बोललीस?"

ती म्हणाली, "सर, मी बोलले होते असं वाटतंय."

"वाटतंय म्हणजे? बोललीस की नाही बोललीस?"

आमच्या धंद्यात 'वाटतंय' चालत नाही. पहिल्या दिवसापासून आम्ही ते पोरांच्या डोक्यात ठोकतो. खात्री असेल तर बोल, नसेल तर परत विचार. तिने खाली बघितलं आणि म्हणाली, "माहीत नाही, सर."

मग मी शेऱ्यात लिहिलं, निर्णय घेतला नाही, इन्स्ट्रक्टरला हस्तक्षेप करावा लागला. सही केली. आमच्याकडे इन्स्ट्रक्टरच्या शब्दापुढे कुणी जात नाही. वरच्या मंडळींनी तो शेरा वाचला आणि तिचं टॉवरचं ट्रेनिंग बंद केलं. पुढची ऑर्डर येईपर्यंत घरी थांबा म्हणाले. शेवटच्या दिवशी गाडीतून उतरताना ती म्हणाली, "सर, सॉरी हां. तुमचा एवढा वेळ गेला." आणि रिकामा डबा हलवत स्टेशनकडे चालू लागली.

ते सॉरी माझ्या मनातून जाईना. आठवडा काढला कसाबसा. आमच्याकडे बोललेला शब्द न् शब्द रेकॉर्ड होतो, रेडिओवरचा वेगळा आणि खोलीतला वेगळा. ठराविक दिवस ते ठेवतात, मग त्याच्यावर नवीन चढतं. त्याला एकच दिवस उरला होता. रेकॉर्डिंगला बसणारा माझा मित्र आहे, त्याला म्हटलं, जरा लाव रे.

रेडिओवरच्या टेपवर एक अर्धवट अक्षर होतं, बाईचं, आणि मग मी. मित्राने खोलीतलं लावलं. माझ्या खुर्चीचा करकर आवाज. तिने घेतलेला श्वास, तो पोटातून घ्यायला मीच शिकवलेला. मग तिचा आवाज, विमानाचं नाव आणि नंबर. तिच्या पाठोपाठ, तिच्यावर चढून माझा. माझ्या आवाजाखाली ती बोलतच होती. गो अराउंड, अगदी बरोबर शब्दांत, अगदी बरोबर वेळेला, न अडखळता. माइक मी बंद केलेला, आणि ती वाक्य पूर्ण करत होती.

मी परत लावायला सांगितलं. मित्राने लावलं. तिसऱ्यांदा त्याने आपणहून बंद केलं.

मी तडक आमच्या इनचार्जकडे गेलो. तो माझ्याच बॅचचा, चांगला माणूस आहे, हे मी मुद्दाम सांगतो. त्याने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. म्हणाला, "लिहून दे, मी टेप राखून ठेवतो. पण पुढचं बघ. तुझा शेरा चुकला म्हणजे चौकशी लागणार. चौकशी संपेपर्यंत तुला शिकवायला बसता येणार नाही. आत्ता चार पोरं खुर्चीवर आहेत, त्यांचेही तास चाललेत. त्यांना कोण बघणार? दुसरा एकटा? त्याने जेवायचं कधी? ती चौघं लटकली तर पुढच्या वर्षी टॉवरवर तू आणि मी, दोघंच बसू." मग थांबून म्हणाला, "तुझं तू ठरव. पण आजच ठरव."

मी म्हटलं, उद्या देतो.

उद्याही माझी जादा ड्यूटी होती. ती संपवून मी खाली आलो तेव्हा टेपवर नवीन चढलं होतं. माणसं कमी होती म्हणून राहिलं, असं मी स्वतःला सांगत आलो, आणि ते पटण्यासारखंही आहे, कारण माणसं खरंच कमी होती. पण चिठ्ठी चार ओळींची होती. ती लिहायला माणसं लागत नव्हती. मला भीती वाटली. एवढ्या वर्षांची पत, शिकवणारा म्हणून माझं नाव, ते जाईल म्हणून मी गप्प बसलो. ज्या वेळी गप्प बसायचं होतं तेव्हा बोललो, आणि बोलायचं तेव्हा गप्प. नंतर गाडीत कुणीतरी सांगितलं की तिला दुसऱ्या राज्यात कुठेतरी ऑफिसच्या टेबलावर टाकलेलं आणि तिने राजीनामा दिला. मी हं म्हटलं. याला आता चार वर्षं होत आली.

 भाची गेल्यावर दोन दिवसांनी मी बायकोला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. तिने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. सगळं ऐकून एवढंच म्हणाली, "मग जा. इथे मला सांगून काय होणार?"

मी ती चिठ्ठी लिहिली. चार ओळीच झाल्या. एक वरच्या ऑफिसला पाठवण्यासाठी आणि एक प्रत त्या मुलीसाठी, दोन्हींवर सही. भाचीकडून क्लासचा पत्ता घेऊन दुपारी कल्याणला, खडकपाड्याला गेलो. क्लास झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. बाहेर मुलांच्या चपलांचा ढीग. आतून तिचा आवाज येत होता, पोटातून, मागच्या बाकापर्यंत जाणारा. मी जिन्यातच थांबून ऐकत राहिलो.

ती बाहेर आली, हाताला मार्करची शाई. "सर? तुम्ही?" म्हणाली, आणि एक प्लास्टिकची खुर्ची ओढून दिली, पाणी आणलं. थोडी जाड झालीय. चष्मा लागलाय. मी पाणी प्यायलो नाही. म्हटलं, "मी टेप ऐकली होती. तू बोलली होतीस. माझ्या आधी. सगळं बरोबर बोललेलीस."

 तिने विचारलं, "कधी ऐकलीत?"

"तेव्हाच. तू गेल्यावर आठवड्याभरात."

"म्हणजे मी घरी होते तेव्हा. ऑर्डर यायची होती."

"हो."

ती आरडाओरडा करेल, मला हाकलून देईल, असं मी धरून गेलो होतो. त्याची तयारी होती. ती समोरच्या बाकावर बसली आणि अगदी हळू बोलायला लागली. "सर, मला ना सारखं आठवायचं की मी बोललेले. तोंडात शब्द आठवायचे. पण तुम्ही तर म्हणालात, नाही. तुम्ही कशाला खोटं बोलाल? मग मीच ठरवलं की आपण मनातल्या मनात बोललो असणार. त्यानंतर माझं मलाच काही खरं वाटेना. गॅस बंद केला की नाही ते तीनतीनदा बघायचे. त्या टेबलावर बसवलं तिथे पण तेच, प्रत्येक कागद परत परत. म्हणून सोडलं."

मला रडू आलं. मी चिठ्ठी पुढे केली. तिने दोन्ही प्रती वाचल्या, सावकाश. मी म्हटलं, मी हे वर पाठवतोय, जे काय माझं व्हायचं ते होऊ दे. ती म्हणाली, "वय गेलं माझं, सर. परत परीक्षा नाही देता येत." मग मान वर करून विचारलं, "टेप आहे?"

"नाही."

ती जराशी हसली. "म्हणजे परत तुमच्याच शब्दावर."

यावर माझ्याकडे बरंच काही होतं. माफी होती, कारणं होती, त्या आठवड्याचं अख्खं ड्यूटीचं वेळापत्रक तोंडपाठ होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि मिटलं. एक श्वास थांबलो. मग आणखी एक. आत मुलं कुजबुजत होती, खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं.

तिने एक कागद मला परत दिला आणि दुसऱ्याची नीट चौकोनी घडी घातली.

"ही मी ठेवू, सर?" ती म्हणाली. "बाबांना दाखवते. त्यांना मी सांगितलंय की मी बोललेच नाही."

मी मान हलवली. ती उठून वर्गात गेली.